गोळी घेतली, पण पाळीचं काय?

मेडिकलमध्ये गोळी मिळते, माहिती मिळत नाही. मग मध्येच दिसलेला डाग, लांबलेली तारीख आणि रात्री दोन वाजता पांघरुणात केलेलं गूगल सर्च. भोर-वेल्ह्याच्या एसटीत आणि हॉस्टेलच्या खोल्यांत गुपचूप वाहिल्या जाणाऱ्या या टेन्शनबद्दल जरा मोकळं बोलू.

रविवारी ते भेटले. सोमवारी कॉलेज बुडवून तिने स्वारगेटची एसटी पकडली, कारण भोरमधल्या मेडिकलवाल्या काकांची मुलगी तिच्याच वर्गात. पुण्यात एका मेडिकलबाहेर गर्दी कमी व्हायची वाट बघत ती दहा मिनिटं उभी राहिली. आत गेल्यावर तोंडातून शब्द फुटेना, म्हणून मोबाइलवर नाव टाइप करून दाखवलं. काउंटरवरच्या मुलाने कागदी पाकिटात गोळी टाकली, शंभर रुपयांच्या आसपास पैसे घेतले. बास. परतताना कापूरहोळ यायच्या आत तिने गोळी गिळली आणि खोकं खिडकीतून भिरकावलं. त्यातला दुमडलेला माहितीचा कागदही सोबत गेला.

शनिवारी तपकिरी डाग दिसले. 'आली!' असा मैत्रिणीला मेसेज गेला. पण दोनच दिवसांत थांबलं. मग कुणीतरी रीलमध्ये सांगितलं, की असं थोडंसं अंगावरून जाणं म्हणजे गर्भ रुजल्याची खूण. झोप उडाली. दहाव्या दिवशी घाबरत टेस्ट केली, एकच रेष आली. तिच्यावर विश्वास ठेवायचा का? पुढे पाळीची खरी तारीख आली आणि गेली. एक दिवस, तीन दिवस, पाच दिवस. आईने सहज विचारलं, "या महिन्यात पॅड आणायचे नाहीत का गं?" आणि तिच्या हातातली भाकरी तव्यावर करपली.

ही मुलगी कोण, ते शोधत बसू नका. ती कुणी एक नाही. नसरापूरच्या रूमवर राहणारी असेल, विंझरहून रोज अप-डाउन करणारी असेल, शिरवळच्या कंपनीत शिफ्ट करून बाहेरून बी.ए. करणारी असेल. लग्न झालेलीही असेल, कारण कंडोम लग्नानंतरही फाटतो आणि रोजची गोळी लग्नानंतरही विसरते. प्रश्न मात्र सगळ्यांचे तेच: हे रक्त कसलं? पाळी का लांबली? दिवस तर गेले नाहीत ना?

एकेक करून बघू.

गोळी नेमकं करते काय?

आपल्याकडे चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या या गोळीत लेव्होनॉर्जेस्ट्रेल नावाचं हार्मोन असतं, १.५ मिलिग्रॅम. आकडा छोटा वाटतो ना? सरकारी दवाखान्यात मिळणारी रोजची माला-एन गोळी बघा. तिच्यात हेच हार्मोन ०.१५ मिलिग्रॅम असतं. म्हणजे इमर्जन्सी गोळीत एका घोटात दहा पट डोस. शरीर गोंधळणारच.

या डोसचं मुख्य काम एकच: अंडाशयातून बीज बाहेर पडणं पुढे ढकलायचं. पुरुषाचं वीर्य स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत टिकू शकतं. तेवढ्या काळात बीज बाहेरच आलं नाही, तर गर्भ राहणार कसा? एसटी फलाटावर लागलीच नाही, तर प्रवासी थांबून थांबून निघून जातात, तसंच काहीसं.

यातून तीन गोष्टी आपोआप कळतात.

पहिली: ही गर्भपाताची गोळी नाही. गर्भ आधीच राहिला असेल तर ती त्याला पाडत नाही आणि इजाही करत नाही.

दुसरी: जितक्या लवकर घ्याल तितकी ती जास्त उपयोगी. मर्यादा ७२ तासांची सांगतात, पण 'तीन दिवस आहेत ना, बघू' असं करायचं नाही. बीज सुटायची प्रक्रिया एकदा सुरू झाली, की गोळीच्या हातात फारसं काही उरत नाही. केळद-पासलीच्या बाजूची मुलगी शनिवारी रात्री घाबरली, रविवारी दुकान बंद, सोमवारी एसटी चुकली, तर दोन दिवस तिथेच गेले. म्हणून अंतराचा हिशेब आपल्याला जास्त काटेकोरपणे करावा लागतो.

तिसरी: ती शंभर टक्के खात्रीची नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार ही गोळी घेतलेल्यांमध्ये गर्भ राहण्याचं प्रमाण १.२ ते २.१ टक्के आहे. म्हणजे शंभरातल्या बहुतेक जणी सुटतात, एक-दोघी नाही. घाबरून जावं इतका हा आकडा मोठा नाही. पण पाळी चुकली तरी टेस्ट न करता बसून राहावं इतका छोटाही नाही.

मध्येच आलेलं रक्त म्हणजे काय?

गोळी घेतल्यावर काही दिवसांत थोडे डाग दिसणं, अधूनमधून हलकं रक्त जाणं हा या गोळीचा माहीत असलेला परिणाम आहे. हार्मोन एकदम वाढतं आणि दोन-तीन दिवसांत उतरतं. त्या चढउताराने गर्भाशयाचं आतलं अस्तर थोडंसं सुटतं, तेच बाहेर येतं. रंग गुलाबी, लाल किंवा तपकिरी काहीही असू शकतो. काही जणींना काहीच दिसत नाही. तेही नॉर्मलच.

आता इथेच दोन चुका होतात, अगदी एकमेकींच्या उलट.

पहिली चूक: 'रक्त दिसलं, म्हणजे पाळी आली, म्हणजे सुटले.' नाही. हे डाग म्हणजे पाळी नव्हे. ते दिसले म्हणून गोळी लागू पडली असं सिद्ध होत नाही आणि दिसले नाहीत म्हणून गोळी फुकट गेली असंही नाही.

दुसरी चूक: 'रक्त थोडंच होतं, म्हणजे नक्की दिवस गेले.' हेही नाही. नुसता रंग आणि थेंब मोजून कुणालाच सांगता येत नाही, ना रीलवाल्याला, ना रूममेटला, ना डॉक्टरला. डॉक्टरही टेस्टच करायला सांगतात.

रक्ताबरोबर मळमळ, डोकं दुखणं, छाती जड वाटणं, थकवा, ओटीपोटात कळ असंही होऊ शकतं. गंमत बघा, हीच लक्षणं पाळी येण्याआधीही असतात आणि दिवस गेल्यावरही. म्हणून लक्षणांवरून अंदाज बांधत बसणं म्हणजे स्वतःला विनाकारण छळणं.

एक मात्र लक्षात ठेवा. गोळी घेतल्यापासून दोन तासांच्या आत उलटी झाली, तर ती गोळी धरायची नाही. लगेच दुसरी घ्यावी लागते. वरंधा घाटाच्या वळणांवर एसटीत उलट्या होणाऱ्यांनी गोळी घेताना हेही बघावं.

तारीख का सरकते?

शाळेत शिकवलेलं आठवा, किंवा ज्या तासाला बाईंनी 'हे घरी वाचा' म्हणून पानं उलटली तो तास आठवा. बीज बाहेर पडल्यावर साधारण दोन आठवड्यांनी पाळी येते. आता गोळीने बीज सुटणंच चार-पाच दिवस पुढे ढकललं, तर पाळीही तितकी पुढे जाणार. सरळ हिशेब आहे. म्हणजे लांबलेली पाळी हा अनेकदा गोळीने काम केल्याचाच परिणाम असतो. काही जणींची पाळी उलट लवकर येते, काहींना जास्त जाते, काहींना कमी.

बहुतेक जणींची पाळी नेहमीच्या तारखेच्या आठवडाभर अलीकडे-पलीकडे येते. आठवड्यापेक्षा जास्त लांबली, की मग अंदाज बंद. टेस्ट करायची.

यात जागरण, परीक्षा, उपवास आणि टेन्शन यांचाही हात असतो. ज्यांची पाळी मुळातच अनियमित आहे, पीसीओएस आहे, त्यांना तर 'तारीख' हीच ठरवता येत नाही. त्यांनी तारखेऐवजी संबंध आल्याचा दिवस धरावा. तो दिवस शून्य, तिथून २१ दिवस मोजायचे.

टेस्ट: कधी आणि कशी?

प्रेग्नन्सी टेस्टची पट्टी लघवीतलं एचसीजी हे हार्मोन पकडते. गर्भ रुजल्यानंतरच ते तयार होऊ लागतं आणि पट्टीला कळण्याइतकं वाढायला वेळ लागतो. म्हणून दहाव्या दिवशीची एक रेष म्हणजे 'नाही' असं धरता येत नाही. ती फक्त 'अजून सांगता येत नाही' एवढंच म्हणते.

संबंध आल्यापासून २१ दिवसांनी केलेल्या टेस्टचं उत्तर खात्रीचं मानतात. सुरुवातीच्या गोष्टीतली मुलगी आठवते? तिची तारीख पाच दिवस उलटून गेली तेव्हा त्या रविवारला २३ दिवस झाले होते. म्हणजे ज्या रात्री ती कूस बदलत जागी होती, त्या रात्री उत्तर पाच मिनिटांच्या अंतरावर होतं. फक्त ते बघायची हिंमत आणि एक पट्टी हवी होती.

सकाळची पहिली लघवी घ्या. पाकिटावर लिहिलंय तितकेच थेंब, तितकीच मिनिटं. एक रेष म्हणजे नाही, दोन म्हणजे हो. दुसरी फिकट असली तरी ती दोनच धरायची आणि दवाखाना गाठायचा. कंट्रोलची रेषच उमटली नाही, तर पट्टी खराब, नवी घ्या. 'नाही' आलं आणि तरी पाळी आली नाही, तर आठवड्याने पुन्हा करा. तेव्हाही तसंच असेल तर डॉक्टरांना दाखवा.

आणि हो, पट्टीसाठी पुण्याला जायची गरज नाही. सरकारची 'निश्चय' नावाची टेस्ट किट आशाताई आणि उपकेंद्राच्या सिस्टरकडे असते, मोफत.

इथे थांबायचं नाही

डाग, मळमळ, आठवडाभराचा उशीर हे सगळं घरी बसून बघता येतं. पण पुढचं काही झालं तर त्याच दिवशी दवाखाना. गूगल नाही, मैत्रीण नाही, 'उद्या बघू' नाही.

– सलग दोन तास दर तासाला दोन पॅड पूर्ण भिजतील इतकं रक्त जाणं.
– ओटीपोटात, विशेषतः एका बाजूला, जोराची कळ.
– चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी, खांद्यात दुखणं.
– ताप, घाण वासाचा स्राव.
– टेस्ट 'हो' आहे आणि सोबत दुखतंय किंवा रक्त जातंय.

यातल्या कळ आणि चक्कर या खुणा गर्भ गर्भाशयाऐवजी नळीत राहिल्याच्या असू शकतात. असं क्वचित होतं, पण झालं तर नळी फुटून पोटात रक्तस्राव होतो आणि जिवावर बेततं. पानशेतच्या मागच्या खोऱ्यातून रात्री गाडी मिळेपर्यंत किती वेळ जातो, हे तिथल्या पोरींना सांगायला नको. १०८ ला फोन करा. त्या क्षणी घरचे काय म्हणतील हा प्रश्न दुय्यम आहे. डॉक्टरांना गोळी घेतल्याचं खरं सांगा, नाहीतर ते भलत्याच दिशेने शोधत राहतील.

मित्राने आणून दिलेला 'किट'

पाळी लांबली की कुणीतरी शहाणा सल्ला देतो: 'एक किट मिळतो, पाच गोळ्यांचा. घे आणि मोकळी हो.' हा किट म्हणजे मिफेप्रिस्टोन आणि मिसोप्रोस्टॉल, गर्भपाताची औषधं. इमर्जन्सी गोळी वेगळी आणि हा किट वेगळा. नियमाप्रमाणे तो डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाही आणि नऊ आठवड्यांपर्यंतच, डॉक्टरांच्या देखरेखीखाली वापरायचा असतो.

का? कारण आधी दिवस गेलेत का, किती आठवडे झालेत, गर्भ कुठे आहे, अंगात रक्त किती आहे हे बघावं लागतं. गर्भ नळीत असेल तर या गोळ्यांनी काहीच होत नाही, वर रक्त गेल्यामुळे 'झालं' असा भास होतो. गर्भपात अर्धवट राहिला तर रक्तस्राव थांबत नाही, जंतुसंसर्ग होतो. टेस्ट न करता, नुसत्या भीतीपोटी हा किट घेणं म्हणजे जो आजार आहे की नाही तेच माहीत नाही, त्याचं ऑपरेशन स्वतःच करून घेण्यासारखं.

तसंच 'खात्री व्हावी' म्हणून आठवड्याने पुन्हा इमर्जन्सी गोळी घेण्यानेही काही साधत नाही. त्या जुन्या संबंधासाठी ती उशिरा झालेली असते. फक्त डाग आणखी वाढतात आणि तारखेचा उरलासुरला हिशेबही चुकतो.

टेस्ट 'हो' आली तर?

तर तुम्ही गुन्हेगार नाही. हे आधी ऐका.

आपल्याकडे गर्भपाताचा कायदा १९७१ पासून आहे. २०२१ मध्ये तो बदलला. आधी गर्भनिरोधक फसल्याचं कारण फक्त विवाहित स्त्रीलाच देता येत होतं. आता कायद्यात 'स्त्री किंवा तिचा जोडीदार' असे शब्द आहेत. २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचं मत पुरतं. २० ते २४ आठवड्यांमध्ये ठरावीक परिस्थितीत दोन डॉक्टरांचं मत लागतं. २९ सप्टेंबर २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की या २४ आठवड्यांच्या तरतुदीतून अविवाहित मुलींना वगळता येणार नाही.

तुमचं वय १८ पूर्ण असेल तर संमती फक्त तुमची लागते. आई-वडिलांची नाही, नवऱ्याची नाही, बॉयफ्रेंडची नाही. तुमचं नाव गुप्त ठेवणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. ते फोडणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

१८ च्या आत असाल तर पालकांची लेखी संमती लागते आणि पोक्सो कायद्यामुळे डॉक्टरांना पोलिसांना कळवावं लागतं. पण मुलीने आणि पालकांनी विनंती केली, तर त्या माहितीत तिची ओळख देण्याची गरज नाही, असं त्याच निकालात म्हटलंय. म्हणून अकरावी-बारावीतल्या मुलींनीही दवाखाना टाळू नये. लपवत बसल्याने आठवडे वाढतात आणि प्रत्येक आठवड्याबरोबर वाटा कमी होतात.

आणि जे घडलं ते तुमच्या मर्जीविरुद्ध असेल, तर सरकारी काय आणि खासगी काय, प्रत्येक हॉस्पिटलने मोफत उपचार द्यायचे असतात. इमर्जन्सी गोळीही त्यात आली. मदतीसाठी ११२ आणि १८१ हे नंबर आहेत.

इथे, आपल्या भागात, कुणाकडे जायचं?

भोरला उपजिल्हा रुग्णालय आहे. वेल्ह्याला, म्हणजे कागदोपत्री आता राजगड झालेल्या तालुक्याला, ग्रामीण रुग्णालय आहे. नसरापूर, आंबवडे, पानशेत, करंजावणे अशी प्राथमिक आरोग्य केंद्रं आहेत. १० ते १९ वयाच्या मुलामुलींसाठी सरकारी रुग्णालयांत 'मैत्री' नावाने समुपदेशन केंद्रं चालवली जातात. केसपेपर काढताना 'पाळीची तक्रार' एवढंच सांगितलं तरी चालतं. बाकीचं आत, डॉक्टरांसमोर.

आशाताईंकडेही ही इमर्जन्सी गोळी असते, हे फार जणींना माहीतच नसतं. २०११ पासून सरकारने आशाताईंमार्फत घरपोच गर्भनिरोधकं द्यायला सुरुवात केली. त्यात इमर्जन्सी गोळीची किंमत ठरली दोन रुपये आणि कंडोमच्या पाकिटाची एक रुपया. दोन रुपयांच्या गोळीसाठी आपण स्वारगेटपर्यंतचं तिकीट काढतो.

का काढतो, तेही खरं आहे. आशाताई म्हणजे चुलत चुलती, सिस्टर म्हणजे आईची ओळखीची, मेडिकलवाला वडिलांचा मित्र. छोट्या गावात माणूस हरवत नाही, हे त्याचं सुखही आणि हीच त्याची अडचण. ज्यांना गावात बोलणं शक्यच नाही, त्यांनी जरूर तालुक्याला जावं, पुण्याला जावं. पण जावं. न जाण्यापेक्षा लांब जाणं केव्हाही बरं. आरोग्य सल्ल्यासाठी १०४ हा नंबरही आहे, तिथे तुमचा चेहरा कुणाला दिसत नाही.

शंभर वर्षांपूर्वीचा एक प्रोफेसर

'हे असलं पेपरात कशाला?' असं आज घरात कुणी म्हणालं, तर त्यांना र. धों. कर्व्यांची गोष्ट सांगा. महर्षी कर्व्यांचा हा मुलगा मुंबईत गणिताचा प्राध्यापक होता. १९२१ मध्ये त्यांनी संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं. पुढे याच कामापायी विल्सन कॉलेजमधली नोकरी गेली. १९२७ मध्ये त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक काढलं आणि १९५३ मध्ये जाईपर्यंत चालवलं. लोक त्यांना आपल्या शरीराविषयीचे प्रश्न पत्राने विचारत आणि ते मराठीत, सरळ उत्तरं देत. अश्लीलतेचे खटले झाले. त्यातल्या १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू मांडायला उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरले. मासिक बंद पडलं नाही.

दुसरी गोष्ट गडचिरोलीची. डॉ. राणी आणि अभय बंग यांनी तिथल्या दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या त्या अभ्यासात ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास असल्याचं दिसलं. आधी कधी तपासणी करून घेतलेल्या होत्या फक्त ८ टक्के. बाकीच्या सगळ्या 'बाईच्या जातीला असतंच' म्हणत गप्प राहिल्या होत्या.

आपल्या आज्या गप्प राहिल्या कारण बोलायला जागाच नव्हती. आपल्याकडे मोबाइल आहे, टेस्ट आहे, कायदा आहे. तरी आपण गप्पच राहिलो, तर मधली शंभर वर्षं कुठे गेली?

आणि तो?

हा लेख मुलींच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरेल आणि मुलं 'आपल्याला काय करायचंय' म्हणत पान उलटतील. थांबा. गोळी तिने घेतली, मळमळ तिला झाली, आईसमोर खोटं ती बोलली. तुम्ही काय केलंत? 'आली का?' असा रोज मेसेज टाकणं म्हणजे साथ नव्हे. मेडिकलमध्ये तुम्ही जा. टेस्टच्या सकाळी फोन उचला. दवाखान्यात बाकावर बसा. आणि पुढच्या वेळी कंडोम हा 'असला तर बघू' असा विषय नसू द्या. इमर्जन्सी गोळी गुप्तरोग आणि एचआयव्हीपासून वाचवत नाही. कंडोम वाचवतो.

रोजचा उपाय म्हणून नाही

आता सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न: 'सारखी घेतली तर पुढे मूल होणार नाही का?' या गोळीने वंध्यत्व येतं असा पुरावा नाही. पण ती सारखी घेत राहिलं की पाळीचा ताल बिघडतो आणि रोजच्या उपायांइतकं संरक्षणही मिळत नाही. शिवाय गोळी घेतल्यानंतर त्याच महिन्यात पुन्हा असुरक्षित संबंध आला, तर जुनी गोळी वाचवत नाही. उलट बीज पुढे ढकललेलं असल्यामुळे धोका अजून तिथेच उभा असतो.

इमर्जन्सी म्हणजे इमर्जन्सी. गाडीची स्टेपनी लावून कुणी रोज कात्रजचा घाट चढत नाही.

रोजच्यासाठी पर्याय आहेत आणि ते सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात: कंडोम, माला-एन, दर तीन महिन्यांनी घ्यायचं 'अंतरा' इंजेक्शन, हार्मोन नसलेली 'छाया' गोळी, कॉपर-टी. संबंधानंतर पाच दिवसांच्या आत बसवलेली कॉपर-टी तर इमर्जन्सी उपाय म्हणूनही चालते आणि ९९ टक्क्यांहून जास्त खात्रीची आहे. कुठला पर्याय तुम्हाला चालेल ते डॉक्टरांनाच विचारा. टीबीचं रिफॅम्पिसिन किंवा फिटची काही औषधं चालू असतील, किंवा वजन ७० किलोच्या वर असेल, तर इमर्जन्सी गोळी कमी पडू शकते. तेव्हा हे आवर्जून सांगा.

वहीच्या शेवटच्या पानावर

शेवटी एक छोटं काम. वहीच्या मागच्या पानावर किंवा मोबाइलच्या नोट्समध्ये चार तारखा लिहून ठेवा. गेल्या पाळीचा पहिला दिवस. संबंधाचा दिवस. गोळी घेतल्याचा दिवस आणि वेळ. आणि त्या दुसऱ्या तारखेत २१ मिळवून येणारा दिवस. मध्ये डाग दिसले तर तेही लिहा, पण त्यांना 'पाळी' म्हणू नका.

मग त्या २१ दिवसांत जेवा, झोपा, लेक्चरला बसा. दर तासाला बाथरूममध्ये जाऊन बघितल्याने पाळी लवकर येत नाही. एका तरी माणसाला सांगा: मैत्रीण, बहीण, मावशी, एखाद्या मॅडम. आणि कधी कुणी पोरगी कॅन्टीनमध्ये तुमच्यासमोर बसून चहा न पिता नुसती कपाशी चाळा करत म्हणाली, "अगं, एक विचारू का?", तर लगेच 'काय केलंस तू?' असं विचारू नका.

"कुठला दिवस?" एवढंच विचारा. आणि तिच्यासोबत बसून २१ मोजा.